लोकप्रिय गीतातील दुःख : मोजलेले आणि सुचविलेले

१

इंग्रजी भाषेतील लोकप्रिय गीत गेल्या अर्धशतकात उत्तरोत्तर दुःखी होत गेले, असा निष्कर्ष २०११ पासून प्रसिद्ध झालेल्या अनेक संशोधनांतून पुढे आला आहे. हे संशोधन करणारे विद्वान मुख्यतः मानसशास्त्र, संस्कृतिविकास आणि संगणकशास्त्र या क्षेत्रांतील आहेत. त्यांची सामग्री भिन्न, साधनेही पुष्कळदा भिन्न. तथापि सर्वांचा रोख एकाच दिशेस आहे. त्यामुळे हा निष्कर्ष सहजासहजी बाजूस सारता येत नाही. त्याचा अर्थ कोणता करावा, हा मात्र अजून मोकळा प्रश्न आहे आणि तो भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो.

प्रथम निष्कर्षांचे स्वरूप पाहणे इष्ट होईल. नेथन डीवॉल व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये १९८० ते २००७ या काळातील अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या गीतांचे शब्द तपासले. उत्तम पुरुषी एकवचनी सर्वनामे वाढली, अनेकवचनी घटली. सुखवाचक व सहवासवाचक शब्द कमी झाले आणि क्रोधवाचक शब्द वाढले, असे त्यांना आढळले. ग्लेन शेलेनबर्ग व क्रिस्तियान फॉन शेव्ह यांनी २०१२ मध्ये शब्द सोडून संगीताकडे लक्ष दिले. १९६५ ते २००९ या अवधीतील एक हजाराहून अधिक यशस्वी गीतांत मायनर स्वररचनेचे प्रमाण वाढले व सरासरी लय मंदावली, असे त्यांनी दाखविले. २०१८ मध्ये कॅथलीन नेपियर व लिओर शमीर यांनी १९५१ ते २०१६ मधील सहा हजारांहून अधिक गीतांचे शब्द संगणकाकरवी तपासून दुःख, भय व जुगुप्सा वाढल्याचे आणि आनंद घटल्याचे नोंदविले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये १९८५ ते २०१५ या काळात प्रसिद्ध झालेल्या सुमारे पाच लाख गीतांच्या ध्वनिगुणांवरून असाच कल निघाला. अखेरीस २०१९ मध्ये शार्लट ब्रँड, आल्बेर्तो आचेर्बी व अ‍ॅलेक्स मेसूडी यांनी १९६५ ते २०१५ मधील दीड लाखांहून अधिक गीतांचे शब्द मोजले. दुःखवाचक शब्द वाढते व सुखवाचक शब्द उतरते आहेत, हेच तेथेही दिसले.

या निष्कर्षांवरून पुढचे अनुमान काढण्याचा मोह स्वाभाविक आहे. गीत दुःखी झाले, म्हणून गाणारा समाज दुःखी झाला. तरुण पिढी खचली आहे आणि तिची गाणी हा तिच्या आजाराचा पुरावा आहे, असे अनुमान वृत्तपत्रांतून व व्याख्यानांतून वरचेवर केले जाते. एका संपूर्ण पिढीचे निदान शब्दांच्या मोजणीवरून करावयाचे, तर मोजणीने नेमके काय मोजले हे आधी निश्चित करावयास हवे.

कालक्रमाचा विचार केला तरी हे अनुमान अडखळते. शब्दांतील हा कल १९६०च्या दशकापासूनचा आहे. मध्यंतरी अमेरिकेने समृद्धी पाहिली, मंदी पाहिली, युद्धे व शांतता पाहिली. या चढउतारांशी त्या दीर्घ उताराचा मेळ बसत नाही. तरुणांच्या खिन्नतेचे खापर ज्या स्मार्टफोनवर फोडण्याची रीत आहे, त्यांतील आयफोन बाजारात आला २००७ मध्ये; म्हणजे कार्य आधी चार दशके आणि कारण मागाहून, असा प्रकार होतो. यावरून दुःखाच्या शब्दांची वाढ खोटी ठरत नाही. तिचे कारण अन्यत्र शोधावयास हवे, एवढेच ठरते.

२

शब्दमोजणीची बहुतेक साधने एका सरळ तत्त्वावर उभी असतात. भाषेतील शब्दांच्या याद्या आधी तयार केलेल्या असतात. एका यादीत सुखवाचक, दुसरीत दुःखवाचक, तिसरीत क्रोधवाचक. गीतातील प्रत्येक शब्द या याद्यांशी ताडून पाहावयाचा आणि कोणत्या यादीतील किती शब्द आले ते सांगावयाचे. वाक्य, वक्ता, श्रोता आणि प्रसंग यांचा या हिशेबात शिरकाव होत नाही.

यातून उद्भवणारे ढोबळ प्रमाद सर्वपरिचित आहेत. बॉबी मॅकफेरिन यांच्या १९८८ मधील ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ या गीताच्या शीर्षकातच चिंतेचा शब्द आहे, परंतु तो निषेधाने बांधलेला आहे. आर.ई.एम. या वृंदाच्या १९९२ मधील ‘एव्हरीबडी हर्ट्‌स’ या गीतात वेदनेचे व रडण्याचे शब्द पुनःपुन्हा येतात. त्या गीताची उक्ती मात्र सांत्वनाची आहे. निराश माणसाचा हात धरून त्याला थोपविणारे ते गीत आहे. मायकेल जॅक्सन यांच्या १९८७ मधील ‘बॅड’ या शीर्षकात यादीने निंदा वाचावी, तर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत तो शब्द प्रशंसेचा. मोजणीचे समर्थक यावर असे म्हणतील की, हजारो गीतांच्या राशीत असे प्रमाद दोन्ही बाजूंनी पडतात आणि परस्परांना छेदतात. हे उत्तर पुष्कळ अंशी मान्य करण्यासारखे आहे. म्हणून खरा आक्षेप या तुरळक प्रमादांवर घ्यावयाचा नाही. तो अधिक मूलगामी आहे.

संस्कृत काव्यशास्त्रात रसदोषांची चर्चा करताना मम्मटाने स्वशब्दवाच्यता हा दोष प्रथम सांगितला आहे. रस, स्थायी भाव किंवा व्यभिचारी भाव यांचा त्यांच्या नावाने उच्चार केला म्हणजे रसनिष्पत्ती होत नाही. ‘शोक’ या शब्दाने शोक प्रतीत होत नसतो. तो विभाव-अनुभावांच्या द्वारा सूचित व्हावा लागतो. या सिद्धान्ताची मर्यादा काय, दोष म्हणजे दोषच काय, हा वाद येथे करावयाचा नाही. येथे महत्त्वाची आहे ती त्यामागील विभागणी: दुःख नावाने सांगितलेले असते किंवा सुचविलेले असते. शब्दांची यादी या दोहोंपैकी फक्त पहिले मोजू शकते.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे मोजणीच्या निष्कर्षाचा वेगळा अर्थ दिसू लागतो. व्हेरा लिन यांनी १९३९ मध्ये गायिलेले ‘वुइल मीट अगेन’ हे गीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचले. त्या गीतातील जवळजवळ प्रत्येक शब्द सुखाच्या यादीत बसणारा आहे. भेट होणार, हवा निवळणार, हसत राहावे, असा त्याचा आशय. परंतु ते गीत ऐकणाऱ्या आईबापांना व पत्नींना ती भेट होईलच याची शाश्वती नव्हती. निश्चयार्थी भविष्यकाळ तेथे नेमका उलट, अनिश्चयाचे सूचन करतो. त्या क्रियापदावर जितका भर द्यावा तितकी शंका गडद होते. १९४२ मधील ‘व्हाइट ख्रिसमस’ची गोष्ट अशीच. शब्द सणाचे, पण गीत परक्या भूमीवरील सैनिकांनी आपलेसे केले ते घरच्या ओढीमुळे. यादीच्या हिशेबी ही दोन्ही गीते प्रसन्न ठरतात. ज्यांनी ती ऐकली त्यांचे डोळे कोरडे राहिले नव्हते.

‘लव्ह’ या शब्दाची वाटचाल याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ब्रँड व आचेर्बी यांच्या सामग्रीत यशस्वी गीतांतील या शब्दाचे प्रमाण पन्नास वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले आहे. हा शब्द सुखवाचकांच्या यादीत मोडतो. म्हणून त्याची घट ही सुखाची घट म्हणून नोंदली जाते. पण प्रेमाचा शब्द सुखाच्या गीतात येतो तसाच विरहाच्या गीतातही येतो. किंबहुना विरहाच्या गीताचे तर ते मुख्य भांडवल. प्रेम गेले, प्रेम परत येईल काय, प्रेमावाचून रात्र सरत नाही, अशा आशयाची जितकी जुनी गीते असतील तितकी सर्व या एका शब्दामुळे सुखाच्या पारड्यात वजन घालतात. त्या शब्दाची जागा एकटेपणाच्या नावाने घेतली की पारडे फिरते. विरह होता तेथेच असतो. फक्त त्याचे नाव बदललेले असते.

म्हणून या साऱ्या संशोधनाचे विधान अधिक काटेकोरपणे असे मांडावे लागेल: इंग्रजी लोकप्रिय गीत पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात दुःखाचे नाव घेऊ लागले. हे विधान पहिल्याहून संकुचित आहे, परंतु उपलब्ध पुरावा एवढ्यालाच आहे. आणि गीत दुःखाचे नाव का घेऊ लागले, या प्रश्नाला उत्तर देता येते. गीत दुःखी का झाले, या प्रश्नाला तसे ते देता येत नाही.

३

संगीताच्या बाजूचा पुरावा यापासून वेगळा आहे, असा आक्षेप येथे संभवतो. मायनर स्वररचना व मंद लय यांना शब्दांची गरज नसते. त्यांची वाढ ही प्रत्यक्ष दुःखाचीच वाढ नव्हे काय?

पाश्चात्त्य संगीतात मेजर व मायनर यांतील मुख्य भेद तिसऱ्या स्वरावर ठरतो. भारतीय परिभाषेत, मेजरमध्ये गांधार शुद्ध व मायनरमध्ये कोमल, असे स्थूलमानाने म्हणता येईल. आता कोमल गांधार आपोआप दुःख निर्माण करीत असता, तर बहार हा वसंताचा उल्हसित राग कोमल गांधार घेऊन उभा राहिला नसता. स्वराचा भाव त्या संगीताच्या परंपरेत रूढीने व सहवासाने घडतो. पाश्चात्त्य परंपरेतही मायनर व दुःख यांचे नाते रूढीचे आहे आणि लोकप्रिय गीताने ही रूढी वारंवार मोडली आहे. ‘यस्टर्डे’ (१९६५) आणि अडेल यांचे ‘समवन लाइक यू’ (२०११) ही दोन्ही वियोगाची गीते मेजरमध्ये आहेत. उलट ग्लोरिया गेनर यांचे ‘आय विल सर्व्हाइव्ह’ (१९७८) मायनरमध्ये असून नृत्यगृहांत विजयगीतासारखे नाचले गेले. शेलेनबर्ग व फॉन शेव्ह यांच्याच संशोधनाचा एक भाग असा की, मेजर रचनांची लय मायनर रचनांपेक्षा अधिक मंदावली. म्हणजे सुखाची खूण व दुःखाची खूण एकाच गीतात एकत्र येण्याचे प्रमाण वाढले. ही संमिश्रतेची वाढ आहे. तिला केवळ दुःखाची वाढ म्हणणे हे त्यांच्या निष्कर्षाचे अर्धे वाचन होय.

तरीही मंद लय हा बदल खराच आहे. त्याचा अर्थ कळण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. ‘टिअर्स फॉर फिअर्स’ या इंग्लिश वृंदाने १९८२ मध्ये ‘मॅड वर्ल्ड’ हे गीत प्रसिद्ध केले. शब्द विलक्षण निराशेचे. वाद्यरचना मात्र त्या काळच्या नृत्यसंगीताची, यंत्रतालावर चालणारी. ब्रिटिश क्रमसूचीत ते तिसऱ्या स्थानापर्यंत गेले. पुढे ‘डॉनी डार्को’ (२००१) या चित्रपटासाठी मायकेल अँड्र्यूज यांच्या संगीतयोजनेत गॅरी ज्यूल्स यांनी तेच गीत अतिविलंबित लयीत, जवळजवळ केवळ पियानोच्या साथीने गायिले. आणि २००३ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानावर पोहोचले. शब्द तेच, चालही तीच. वीस वर्षांत बदलली ती लय व साथ.

शब्दमोजणीला या दोन गीतांत भेद दिसणार नाही. लयमोजणीला दुसरे अधिक दुःखी दिसेल. ऐकणाऱ्याला मात्र तिसरीच गोष्ट जाणवते. पहिल्या गीतात शब्द व ताल एकमेकांविरुद्ध चालतात. ज्या जगाला वेडे म्हटले त्याच जगाच्या तालावर गाणारा नाचतो आहे, हा त्यातील सूचितार्थ. दुसऱ्यात संगीत शब्दांचेच म्हणणे पुन्हा सांगते. शब्द खिन्न आहेत, तर लय खिन्न, वाद्य खिन्न, आवाजही खिन्न. स्वशब्दवाच्यतेचाच हा सांगीतिक प्रकार म्हणावा लागेल. दोहोंपैकी कोणते गीत श्रेष्ठ, याविषयी रसिकांत मतभेद होतील. परंतु दुसऱ्यात दुःख अधिक आहे, असे म्हणण्यापेक्षा दुसऱ्यात दुःख अधिक उघड आहे, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे.

४

दुःखाचे नाव घेण्याची ही प्रवृत्ती का वाढली? पहिले कारण परवानगीचे आहे. पूर्वीही ते नाव घेतले जात होते. परंतु ज्या सूचीवरून आज मोजणी होते त्या सूचीत त्याला जागा नव्हती.

मेमी स्मिथ यांचे ‘क्रेझी ब्लूज’ १९२० मध्ये व बेसी स्मिथ यांचे ‘डाउनहार्टेड ब्लूज’ १९२३ मध्ये ध्वनिमुद्रित झाले. दोन्हींचा खप प्रचंड होता. दुःखाचे नाव शीर्षकातच मिरविणारा हा गीतप्रकार कृष्णवर्णीयांसाठी निराळ्या तबकड्यांवर निराळ्या यादीत विकला जाई. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने या गीतांची क्रमसूची स्वतंत्र ठेवली होती व तिला वंशवाचक नाव होते. १९४९ मध्ये ते बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले गेले. ग्रामीण गौरवर्णीयांच्या गीतांची सूची त्याहून वेगळी. त्याच १९४९ साली हँक विल्यम्स यांनी ‘आयम सो लोनसम आय कुड क्राय’ गायिले. एकाकीपणा व रडणे या दोहोंचे नाव या एका शीर्षकात आहे. पण ते गीत तबकडीच्या दुसऱ्या बाजूस होते आणि शहरी मध्यमवर्गाच्या सूचीशी त्याचा संबंध नव्हता. ‘हॉट हंड्रेड’ ही एकत्रित सूची सुरू झाली ती ऑगस्ट १९५८ मध्ये.

प्रसारणाचा निर्बंध याच्या जोडीला होता. बी.बी.सी.ने १९४२ मध्ये नृत्यसंगीताच्या धोरणासाठी समिती नेमली. अतिभावुक गीते व पुरुषांचे हळवे गायन युद्धकाळात लोकांचे धैर्य खचवील, म्हणून ते ध्वनिक्षेपकापासून दूर ठेवण्याचा त्या समितीचा उद्योग होता. बिली हॉलिडे यांनी १९४१ मध्ये गायिलेले ‘ग्लूमी संडे’ ही तर याची प्रसिद्ध साक्ष. अशा वातावरणात ‘वुइल मीट अगेन’सारखे सुचविणारे गीत टिकून राहावे, हे ओघानेच आले. सूचनेचा आश्रय काही वेळा कलेमुळे घेतला जातो, काही वेळा निरुपायाने.

पुढे १९९१ मध्ये आणखी एक स्थित्यंतर झाले. तोवर ‘बिलबोर्ड’ची क्रमवारी दुकानदार व नभोवाणी केंद्रे यांनी कळविलेल्या माहितीवर आधारलेली असे. त्या वर्षापासून प्रत्यक्ष विक्रीची नोंद यंत्राने होऊ लागली. दुकानदारांच्या अंदाजात जी गीते खाली राहत, ती, विशेषतः रॅप व कंट्री या प्रकारांतील, एकदम वर आली. मथियास माउख व सहकारी यांनी २०१५ मध्ये सुमारे सतरा हजार ध्वनिमुद्रणांच्या आधारे अमेरिकन लोकप्रिय संगीतातील तीन मोठी स्थित्यंतरे दाखविली. त्यांतील शेवटचे व सर्वांत मोठे १९९१ चेच आहे. संगीताचा बदल व मोजपट्टीचा बदल एकाच वर्षी यावा, हे संशोधकाने सावध होण्यास पुरेसे आहे.

तथापि केवळ सूचीच्या इतिहासाने सर्व बदलाचा उलगडा होतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ब्रिटनमधील पाच लाख गीतांची तपासणी क्रमसूचीपुरती मर्यादित नव्हती. २०१९ च्या अभ्यासातील बहुसंख्य गीतेही सूचीबाहेरचीच आहेत. कल तेथेही तोच आहे. एवढेच नव्हे, तर ब्रिटिश सामग्रीत यशस्वी गीते इतर गीतांपेक्षा अधिक आनंदी ठरली. म्हणजे श्रोत्यांच्या मागणीने गीते दुःखाकडे ओढली, असेही सरळ म्हणता येत नाही. सूचीचे स्पष्टीकरण जेथे संपते तेथून पुढे उक्तीच्या स्वरूपाकडे वळावयास हवे.

५

गीत ही एक उक्ती आहे. कोण, कोणाशी, कोठे बोलतो, यांवर उक्तीत काय उच्चारता येईल हे ठरते. या तिन्ही बाबतींत विसाव्या शतकाने गीताची स्थिती पालटून टाकली.

१९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण आले आणि ध्वनिक्षेपकामुळे गायकाला कुजबुजीच्या आवाजात गाता येऊ लागले. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याची सक्ती संपली. तरी ऐकणे बराच काळ सामुदायिकच राहिले: नृत्यगृह, उपाहारगृहातील नाणे टाकून वाजवावयाचे यंत्र, दिवाणखान्यातील रेडिओ. १९७९ मध्ये वॉकमन व २००१ मध्ये आयपॉड आला आणि गीत एकेका कानाशी बोलू लागले. चारचौघांत ज्याचा उच्चार अवघड, ते एकट्याच्या कानात उच्चारता येते. नृत्यासाठी योजलेल्या गीताला पायांच्या लयीचे बंधन असते. एकांतात ऐकावयाच्या गीताला ते नसते. मंदावलेल्या लयीचा निदान काही भाग येथे उलगडतो.

दुसरा पालट वक्त्याचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील न्यूयॉर्कचे व्यावसायिक गीतकार गीत लिहीत व अनेक गायक ते गात. त्यातील ‘मी’ ही एक भूमिका होती. ती आज एका गायिकेने व उद्या दुसऱ्याने वठवावी. १९६०च्या दशकापासून गायकानेच स्वतःचे गीत लिहिण्याची प्रथा प्रतिष्ठा पावली, आणि जोनी मिचेल यांच्या ‘ब्लू’ (१९७१) या संग्रहासारख्या रचनांनी गीतातील ‘मी’ म्हणजे प्रत्यक्ष गाणारी व्यक्तीच, अशी श्रोत्याची अपेक्षा दृढ केली. जेथे उक्तीचे मूल्य तिच्या प्रांजळपणावर ठरते, तेथे सूचन संशयास्पद होते आणि नाव घेणे हाच खरेपणाचा पुरावा ठरतो. डीवॉल यांना आढळलेली एकवचनी सर्वनामांची वाढ याच पालटाची खूण मानता येईल. तिला आत्ममग्नतेचा आजार म्हणण्यापूर्वी वारकऱ्यांच्या दिंडीचे स्मरण व्हावे. तुकोबांच्या अभंगांतील ‘मी’ किती आर्त व किती एकटा आहे. आणि तो शेकडो कंठांतून एका तालावर उमटतो. सर्वनामाचे वचन व गाणाऱ्यांची संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत.

हिंदी चित्रपटगीताशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. काळ पुढे सरतो तसे गीत खिन्न होत जाते, असा नियम असता तर आरंभीच्या चित्रपटगीतांत दुःख विरळ आढळले असते. प्रत्यक्षात ‘देवदास’ (१९३५) मधील सैगल व ‘पहली नजर’ (१९४५) मधील मुकेश यांच्या कंठात दुःख अगदी मध्यभागी, नावानिशी उभे आहे. याचे कारण ते दुःख कथेतील पात्राचे होते. गाणारी व्यक्ती व पात्र हे वेगळे असल्याने दुःखाचे नाव घेण्यास कोणासही संकोच नव्हता. इंग्रजी लोकप्रिय गीताला अशी कथेची ओसरी बहुधा नव्हती. तेथे दुःखाच्या उच्चाराला गायकाच्या स्वतःच्या चरित्राचा आधार शोधावा लागला.

वक्ता बदलल्याने उक्ती कशी बदलते, याचे उत्तम उदाहरण ‘हर्ट’ हे गीत आहे. ‘नाइन इंच नेल्स’चे ट्रेंट रेझ्नर यांनी ते १९९४ मध्ये, तिशीच्या आत असताना प्रसिद्ध केले. २००२ मध्ये जॉनी कॅश यांनी ते वयाच्या सत्तराव्या वर्षी, मृत्यूच्या आदल्या वर्षी गायिले. एखादा शब्द वगळता संहिता तीच. तरुणाच्या तोंडी जो आत्मविध्वंस होता, तो वृद्धाच्या तोंडी आयुष्याचा हिशेब झाला. शब्दांची यादी दोघांना सारखेच गुण देईल.

६

एवढे सर्व वजा केल्यावर काही शिल्लक उरते काय? उरते, आणि ती शिल्लक दुःखाच्या परिमाणात नसून प्रकारात आहे.

भरताने विप्रलंभ शृंगार व करुण यांतील भेद मोठ्या मार्मिकपणे सांगितला आहे. दोहोंत अश्रू आहेत, निःश्वास आहेत, चिंता आहे. परंतु विप्रलंभ सापेक्ष, म्हणजे पुनर्भेटीच्या आशेने युक्त असतो, तर करुण निरपेक्ष, म्हणजे आशा तुटलेला असतो. ‘वुइल मीट अगेन’चे दुःख पहिल्या प्रकारचे आहे. त्याला एक अनुपस्थित श्रोता आहे आणि एक भविष्यकाळ आहे. ‘हर्ट’चे दुःख विप्रलंभ नव्हे, पण ते नेहमीच्या अर्थाने करुणही नव्हे, कारण कोणी इष्टजन गमावल्याचा शोक तेथे मुख्य नाही. निर्वेद, ग्लानी, विषाद हे जे भाव भरताने व्यभिचारी, म्हणजे स्थायीच्या आधाराने येणारे व जाणारे म्हणून गणले, तेच येथे कोणत्याही स्थायीवाचून स्वतःच्या पायांवर उभे आहेत. दुःख आहे, ते कशाचे, याचे उत्तर मात्र गीत देत नाही, किंवा ‘माझे’ एवढेच देते.

हा बदल सर्व गीतांत झाला असे नाही. ‘समवन लाइक यू’मध्ये श्रोता समोर आहे व वियोगाचे कारणही स्पष्ट आहे, त्या गीताला मिळालेले यश जुना प्रकार जिवंत असल्याची ग्वाही देते. परंतु निराधार विषादाला लोकप्रिय गीतात स्थान मिळाले, ही गोष्ट नवी आहे आणि काव्यशास्त्राने तिची दखल घ्यावयास हवी. स्थायी नसलेल्या व्यभिचारी भावाचा रस होतो काय, हा प्रश्न जुन्या शास्त्राने जवळजवळ निकालात काढला होता. ‘हर्ट’सारखे गीत तो पुन्हा उपस्थित करते. याचे उत्तर मोजणीतून मिळणार नाही. त्यासाठी थोडी गीते पूर्ण ऐकावी लागतील.

७

या विवेचनाचा उपयोग इंग्रजी गीतापुरता नाही. मराठी गीतांच्या संहिता संगणकात साठविणे आता सुलभ झाले आहे, आणि भावगीत, चित्रपटगीत व अलीकडील गीत यांतील सुखदुःखाची अशीच मोजदाद करण्याचा विचार पदव्युत्तर संशोधनात सुचणे स्वाभाविक आहे. असे काम अवश्य व्हावे. मात्र ‘त्याच्यावर जीव जडला’ आणि ‘त्याचा जीव गेला’ यांतील ‘जीव’ एकाच यादीत घालता येणार नाही. ‘ती त्याच्यावर मरते’ या वाक्यात मरण नाही, ‘वेड लावले’ या प्रयोगात रोग नाही. मराठीत भाव बहुधा नामात नसतो, नाम व क्रियापद यांच्या जोडीत असतो. आणि ‘सासर’, ‘माहेर’, ‘पाऊस’ हे शब्द कोणत्याच भावाच्या यादीत नाहीत, तरी मराठी गीतातील दुःखाचा फार मोठा भाग त्यांच्याच आश्रयाने राहतो.

मोजणीने एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आणली, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. इंग्रजी गीताने दुःखाचे नाव घेण्याचा संकोच सोडला, हे एकट्यादुकट्या रसिकाच्या ध्यानी इतक्या निश्चितपणे आले नसते. त्या संकोचत्यागात काव्याची हानी किती व मोकळेपणाचा लाभ किती, याचा निवाडा गीतागणिक वेगळा होईल. परंतु ज्या पिढीने आपल्या दुःखाला नाव दिले ती, ज्या पिढीने ते हसतमुख भविष्यकाळात दडविले तिच्याहून अधिक दुःखी आहे, असा निर्णय देण्यास या मोजणीत आधार नाही. ‘वुइल मीट अगेन’ ऐकत निरोप देणाऱ्या स्त्रियांना विचारले असते, तर त्यांनीही तो मान्य केला नसता.